पार्डनबाईंना न कळणारी भाषा

पार्डनबाईंना हल्ली खरोखरच कमी ऐकू येतं. उजव्या कानात तर जवळजवळ शुकशुकाट. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलंय, पण ते बहुतेक वेळ चष्म्याच्या डबीत पडून असतं. पंचाईत अशी, की बाईंनी कानामागे हात नेऊन "पार्डन?" म्हटलं, की समोरचा माणूस खो-खो हसत सुटतो. समोरचा म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी. आणि या गावात कुठल्याही काउंटरमागे त्यांचा एखादा जुना विद्यार्थी असतोच. परवा बँकेतला टक्कल पडलेला कारकून म्हणाला, "बाई, आता पुरे की हो!" बाईंनी पुन्हा विचारलं, "पार्डन?" तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं आणि शेजारणीला मोठ्या कौतुकाने सांगितलं, "बघ, अजून तश्शाच आहेत."

आता याला काय म्हणावं? ज्या बाईने उभी नोकरी न कळल्याचं सोंग वठवण्यात काढली, तिला उतारवयात खरंच कळेनासं झालं, तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

सोंगाची सुरुवात नोकरीच्या पहिल्याच सकाळी झाली. तेव्हाच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या ताठ बसत, कमी बोलत, आणि त्यांच्या खोलीत फरशीच्या पॉलिशचा वास येई. नव्या तरुण मास्तरणीचं इंग्रजी त्यांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"उच्चार स्वच्छ आहेत. इंग्रजी तुम्हीच शिकवा. पण एक अट आहे. मुलांसमोर तुम्हाला त्यांची भाषा येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. एक अक्षर कळत नाही."

"पण मोठ्या बाई, मी इथलीच आहे. दोन गल्ल्या सोडून राहते. घरी आम्ही तीच भाषा बोलतो."

"असेल. मुलांना काय, शिक्षक संध्याकाळी खडूच्या कपाटात झोपतात असंच वाटतं. हाताशी काठ असला की कुणी पोहायला शिकत नाही. तुम्ही काठ व्हायचं नाही."

त्याच दिवशी पहिल्या तासाला एका चिमुरड्याने घरच्या भाषेत पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं. बाईंनी कानामागे हात नेला. "पार्डन?" त्याने पुन्हा विचारलं. "पार्डन?" बिचाऱ्याने अंगठा तोंडाकडे नेऊन गटागटा पिऊन दाखवलं, आणि मग एकदम डोळे मोठे करून ओरडला, "वॉटर!" वर्ग हसला, बाई हसल्या, आणि मधल्या सुट्टीच्या आत त्यांचं बारसं झालं. पार्डनबाई. पुढे शिक्षकखोलीतही तेच नाव चाललं.

सोंग घेणं सोपं, निभावणं कठीण. भाजी घ्यायला त्या बस पकडून पार दुसऱ्या टोकाच्या बाजारात जात, कारण शाळेजवळच्या मंडईत घासाघीस करताना एखाद्या मुलीच्या कानावर पडलं म्हणजे संपलंच. शाळेचे शिपाईमामा तर या बाबतीत महाबिलंदर. सूचनांची वही घेऊन वर्गाच्या दारात उभे राहत आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता घरच्या भाषेत सांगत, "बाई, मघाशी तुमच्या डब्यावर मांजर बसलं होतं. चांगलं ऐसपैस." बाईंना हूं का चूं करता येत नसे. "थँक यू," म्हणून त्या सही करत, आणि जेवणाच्या वेळी मामांना गाठून म्हणत, "मामा, एक दिवस तुमच्या टोपीवर बसवते त्या मांजराला!"

घरी सख्खी मोठी बहीण होती. ताई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, भिंतीला मापाच्या टेप लटकलेल्या, जमिनीवर कापडाच्या चिंध्या, आणि बाकावर कायम कुणीतरी मायलेकी बसलेल्या, कारण शाळेचे गणवेश ताईच शिवत असे. आयांना बाईंचं गुपित माहीत होतं. त्यांना ते सोयीचंच वाटे. "बाईंशी इंग्रजीतच बोलावं लागतं हं," असं म्हणून पोरांना दटावायला बरं पडे. पण पोरं आली की बाईंना आपल्याच घरात परकं व्हावं लागे.

एका संध्याकाळी पाचवीतली एक मुलगी आईबरोबर गणवेशाचं माप द्यायला आली. वर्गातल्या खडूंच्या डबीचा ताबा तिच्याकडे असे, म्हणून तिला सगळे खडूताई म्हणत. हिचं लक्ष नेहमी दुसऱ्यांच्या हातांकडे आणि डोळ्यांकडे. बाई खुर्चीत बसून पेपर तपासत होत्या. तेवढ्यात ताईच्या लक्षात आलं, की आत गॅसवर दूध आहे. तोंडात टाचण्या, हातात टेप. ती तशीच ओरडली, "अगं छोटे, दूध बघ!"

बाई जागच्या जागी थिजल्या. समोर खडूताई. कळलं तर उठायला हवं, आणि उठलं तर कळलं असं होईल.

"छोटे! बहिरी झालीस का? दूध वर येतंय!"

आतून चर्रर्र आवाज आला आणि करपलेल्या दुधाचा वास खोलीभर पसरला. बाईंनी लाल पेनाने एका अगदी बरोबर वाक्याखाली रेघ ओढली. खडूताईने एकदा बाईंच्या पायांकडे पाहिलं, ते खुर्चीखाली उठायच्या तयारीत टाचा उचलून होते. मग ती मुकाट्याने आत गेली, गॅस बंद करून आली, आणि जाताना दारात इंग्रजीतून "गुड इव्हनिंग, मिस" म्हणाली.

मायलेकी जाताच ताईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "एवढं लिटरभर दूध! तुझ्या त्या मोठ्या बाईंना म्हणावं, आता येऊन माझी शेगडी घासा."

"ताई, मी काय करणार होते?"

"उठायचं होतं! दूध उतू जाताना सगळ्या भाषांत दिसतं."

दोघी हसत हसत शेगडी घासत बसल्या.

मुलं मात्र बिनधास्त होती. बाईंना कळत नाही म्हटल्यावर बाईंच्या टेबलापाशीच सगळ्या गप्पा. त्यांच्या चालण्याच्या नकला, त्यांच्या निळ्या स्वेटरचे वाभाडे ("हा स्वेटर बाईंच्या आधी शाळेत लागला असणार!"), कुणाचं कुणाशी वाजलं, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही पण चष्मा नको म्हणून गप्प आहे, कुणाचा बूट फाटलाय. बाई खडू निवडत, वह्या रचत, आणि कान त्या बाजूला. मग दोन-चार दिवसांत काहीबाही 'सहज' घडे. बाकांची अदलाबदल होऊन कुणी पुढे येई. हरवलेल्या वस्तूंच्या कपाटातून अचूक मापाचा बूट निघे. इतर शिक्षिका म्हणत, "पार्डनबाईंचं लक्ष बाई फार!" बाई म्हणत, "छे, योगायोग."

एक गोष्ट मात्र त्यांच्या काळजात रुतून बसली. दूध उतू गेलं त्याच वर्षीची. खडूताई सकाळी टेबलापाशी आली, खडूंची डबी ठेवली, आणि तशीच उभी राहिली. मग घरच्या भाषेत, अगदी हळू म्हणाली, "माझी आजी गेली."

आणि बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पार्डन?"

मुलीने मान हलवली, जाऊन जागेवर बसली. तो तास बाईंनी कसा घेतला ते त्यांनाच ठाऊक. घरी येऊन त्या ताईच्या मशीनशेजारी बसल्या. ताईने पायपट्टीवरचा पाय थांबवला.

दिवस काय, थांबतात थोडेच! मोठ्या बाई निवृत्त झाल्या, मामांची मिशी पांढरी झाली, निळा स्वेटर कोपरात विरला तसा त्याला ताईने चामड्याचं ठिगळ लावलं. बाईंची निवृत्ती वर्षावर आली. आणि त्या वर्षी शाळेत दोन गोष्टी आल्या: नव्या मुख्याध्यापिका आणि एक टेपरेकॉर्डर.

टेपरेकॉर्डर घेऊन आली ती खडूताई. आता ती भाषांच्या संशोधन केंद्रात काम करत होती. मुलं कुठल्या वेळी, कुणाशी, कुठली भाषा बोलतात, आणि त्यातून दुसरी भाषा कशी शिकतात, हा तिचा विषय. शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसायची, एक माइक खिडकीत, एक फळ्यापाशी, एक बाईंच्या टेबलावर फुलदाणीमागे. मुलांनी पहिले दोन दिवस माइकमध्ये कोंबड्याचे आवाज काढले, मग विसरून गेली. बाईंशी ती अजूनही फक्त इंग्रजीत बोले. शिक्षकखोलीत चहा घेतानासुद्धा. बाईंना त्याचं हसू येई आणि मनात कुठेतरी टोचेही.

नव्या मुख्याध्यापिका हुशार, मनमोकळ्या. त्यांनी बाईंना बोलावलं.

"बाई, आता सगळं संशोधन सांगतं, मुलांना घरच्या भाषेचा आधार दिला की इंग्रजीही लवकर येतं. पुढच्या सत्रापासून आपण अडेल तिथे घरच्या भाषेत समजावून सांगायचं. सगळ्यांनी. तुम्हीही."

"मीही?"

"हो. पहिल्याच दिवशी तुम्ही त्यांच्या भाषेत बोला. काय मजा येईल!"

बाईंना मजा वाटली नाही. संध्याकाळी त्या ताईसमोर बसल्या. ताईला आता सुईत दोरा ओवता येत नसे. तो बाई ओवून देत.

"मी आधीच सोडते नोकरी. सत्र सुरू व्हायच्या आत."

"का गं? तुलाच तर ते सोंग जड झालं होतं."

"अगं, ती मुलं माझ्यासमोर काय काय बोलली आहेत! मला कळत नाही म्हणून बोलली. उद्या मी तोंड उघडलं की त्यांना समजेल, बाई चोरून ऐकत होत्या. इतकी वर्षं. सगळ्यांचं. काय वाटेल त्यांना? पुन्हा कुणी माझ्या टेबलापाशी येईल का?"

"आणि न सांगता सोडून गेलीस तर?"

"तर निदान त्यांच्यापुरती मी पार्डनबाईच राहीन."

ताईने दोरा दाताने तोडला. "शहाणी आहेस. दूध उतू जाऊ दे, पण उठायचं नाही. तुझं तेच आहे."

बाईंनी राजीनामा देण्याचं मनाशी पक्कं केलं. शुक्रवारी द्यायचा. गुरुवारी खडूताई म्हणाली, अर्थात इंग्रजीत, की टेपवरचे काही आवाज कुणाचे ते तिला ओळखू येत नाहीत, बाई ऐकून सांगतील का?

शाळा सुटल्यावर दोघी प्रयोगशाळेत बसल्या. मैदानावरचा कल्ला आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या. बरण्यांच्या रांगेपुढे टेपरेकॉर्डर. बाईंना वाटलं, धड्याचं वाचन असेल. पण टेपवर घरची भाषा सुरू झाली. बाई वर्गाबाहेर गेल्या असताना टेबलापाशी दोन मुलं बोलत होती. एक आवाज मॉनिटर मुलीचा. दुसरा या वर्षीच आलेल्या नव्या मुलाचा.

"इथे उभा राहा, टेबलाच्या या बाजूला. खिडकीकडे नको, तिकडचं त्यांना नीट ऐकू येत नाही."

"पण बाईंना आपली भाषा कळत नाही ना?"

"नाही कळत."

"मग सांगायचं कशाला?"

"अरे शहाण्या, कळत नाही म्हणूनच तर सांगायचं! माझ्याशी बोलतोयस असं दाखव. हळू बोल, पण स्पष्ट. आणि त्यांच्याकडे बघू नकोस."

"मग?"

"मग काही नाही. जागेवर जाऊन बस. होतं काहीतरी."

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या दादाने. त्याला त्याच्या वरच्या वर्गाने. सगळ्यांना माहितीये. फक्त बाईंना माहीत नाही, आपल्याला माहितीये ते. आल्या, आल्या! बोल."

पावलांचा आवाज. खुर्ची सरकली. मग नव्या मुलाचा बारीक आवाज, एकेक शब्द ठेवल्यासारखा: "मला उभं राहून वाचायला सांगतात ना, तेव्हा माझे पाय कापतात. बसून येतं मला."

आणि पाठोपाठ बाईंचा स्वतःचाच आवाज, इंग्रजीत, मोठ्याने: आज सगळेजण बसूनच वाचूया.

खडूताईने बटण दाबलं. मग कुणाचे आवाज आहेत, असं डोळ्यांनीच विचारलं.

बाईंचा हात आपोआप कानामागे गेला. "पार्डन?"

"बाई," खडूताई म्हणाली, आणि आजी गेल्याचं सांगितलं त्या सकाळनंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याशी घरच्या भाषेत बोलली, "दूध उतू गेलं ना, तेव्हाच कळलं होतं मला. तुमच्या टाचा वर होत्या."

बाई बरण्यांकडे बघत राहिल्या.

"दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगून टाकलं. कुणाचा विश्वास बसेना. मग आम्ही करून पाहिलं. मैत्रिणीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, ते तुमच्या टेबलापाशी मोठ्याने बोललो. सोमवारी तिचा बाक पुढे! मग ठरलं. बाईंना कळू द्यायचं नाही. कळलं की त्या लाजतील, आणि टेबल बंद पडेल. जाताना खालच्या वर्गाला सांगून जायचं." ती हसली. "आता केंद्रातले आमचे सर कपाळाला हात लावून बसलेत. सगळ्या शाळांत मुलं शिक्षकांपासून लांब गेली की घरची भाषा बोलतात. तुमच्याच वर्गात टेबलाजवळ आली की जास्त बोलतात. म्हणतात, यंत्र बिघडलंय का तुझं?"

"तुझी आजी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "तू आजीचं सांगितलंस, आणि मी… मी पार्डन म्हणाले गं."

"हो. तेच हवं होतं मला."

"असं कसं?"

"घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण मला समजावत होता. रडू नकोस, शहाणी ना तू, देवाघरी गेली, असं नि तसं. मला कुणाला तरी नुसतं सांगायचं होतं. पुढे काही न बोलणाऱ्या माणसाला. तुम्ही पार्डन म्हणालात, आणि मग अख्खा तास माझ्या बाकाला टेकून शिकवलंत. तुमच्या स्वेटरची बाही माझ्या खांद्याला लागत होती. आठवतं मला."

खिडकीबाहेर मामा घंटेचा दांडा जागेवर ठेवत होते. बाईंनी स्वेटरच्या खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत राहिल्या.

शुक्रवारी राजीनामा दिला गेला नाही. ताई म्हणाली, "बरं झालं. घरी बसून माझं डोकं खाल्लं असतंस."

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी बाई वर्गात शिरल्या. नव्या मुख्याध्यापिका दारात हसत उभ्या होत्या, मामा वही घेऊन उगाचच रेंगाळत होते. बाईंनी टेबलाच्या कडेला हात टेकले आणि आईशी, ताईशी, भाजीवाल्यांशी बोलत आलेल्या त्या भाषेत म्हणाल्या, "मुलांनो, आजपासून जिथे अडेल तिथे मी तुम्हाला आपल्या भाषेत समजावून सांगणार आहे."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मॉनिटर मुलगी सावकाश उभी राहिली. चेहरा गंभीर. तिने हात कानामागे नेला.

"पार्डन?"

तिच्यामागचा मुलगा उभा राहिला. "पार्डन?" मग खिडकीकडची रांग, मग दाराकडची, मग सगळा वर्ग कानामागे हात नेऊन उभा. दारात मामांनीही वही बगलेत मारून हात कानाला लावला. बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्या खुर्चीत बसल्या, आणि डोळ्यांतलं पाणी ठिगळाच्या बाहीने पुसत म्हणाल्या, "इन इंग्लिश, प्लीज!"

ते शेवटचं वर्ष छान गेलं. अडेल तिथे बाई घरच्या भाषेत समजावून सांगत, आणि मुलांना ते कळे. टेबलाचा नियम मात्र कुणीच मोडला नाही.

त्या पहिल्याच दिवशी तास संपल्यावर नवा मुलगा मॉनिटर मुलीला घेऊन टेबलापाशी आला. खिडकीची बाजू सोडून, बरोबर जागेवर उभा राहिला. बाई खाली मान घालून खडू निवडत होत्या, पांढरे एकीकडे, रंगीत एकीकडे.

"उद्या ना," तो मैत्रिणीला घरच्या भाषेत म्हणाला, हळू पण स्पष्ट, "उद्या मी एकदा उभं राहून वाचून बघीन म्हणतो."

बाईंनी मान वर केली नाही. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही.